गोकुळाच्या उंबरठ्याबाहेर : देवरुखचे मातृमंदिर आणि सज्ञान होणाऱ्या मुलींचे पालकत्व

माणूस मोठा झाला हे सांगायला मराठीत एकच शब्द नाही. मुलगी वयात येते ती शरीराने, सज्ञान होते ती कायद्याने, स्वतःच्या पायावर उभी राहते ती कमाईने आणि सासरी नांदू लागते ती लग्नाने. मुलाच्या बाबतीत तो हाताशी आला, मार्गी लागला असे म्हटले जाते. या घटना एका दिवशी घडत नाहीत, त्यांच्यामध्ये पाच-दहा वर्षांचे अंतर असते आणि ते अंतर घर निमूटपणे भरून काढते. परीक्षेत नापास झालेला मुलगा घरातच जेवतो, पहिली नोकरी सुटलेली मुलगी घरातच परतते, आणि त्याची कोणी नोंद ठेवत नाही. ज्या मुलांना असे घर नाही आणि जी संस्थेत वाढतात, त्यांच्या वाट्याला मात्र मोठे होण्याची एक निश्चित तारीख येते. त्या तारखेला अठरा वर्षे पूर्ण होतात आणि सरकारी कागदावर बालक असलेली व्यक्ती बालक राहत नाही. संगमेश्वर तालुक्यातील देवरुख येथे १९५४ साली सुरू झालेल्या मातृमंदिर या संस्थेचा इतिहास बहुधा आरोग्यसेवेच्या अंगाने सांगितला जातो आणि ते योग्यही आहे. परंतु या संस्थेच्या ‘गोकुळ’ या बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलींचे पुढे काय व्हायचे, हा प्रश्न त्या इतिहासात सुरुवातीपासून गुंतलेला आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम तालुका समजून घ्यावा लागतो. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरचे संगमेश्वर तालुक्याला नाव देते, तर तालुक्याचे मुख्यालय तेथून पंधरा-वीस किलोमीटरवर, सह्याद्रीच्या बाजूला वसलेल्या देवरुखला आहे. पूर्वेला घाटमाथा, पश्चिमेला खाडीपट्टा, मध्ये जांभ्याचे सडे आणि डोंगरउतारावरची भाताची खाचरे असा हा प्रदेश. पाऊस विपुल, पण जमीन तुकड्यातुकड्यांची आणि वर्षाचे धान्य पुरेल इतकी थोड्याच घरांकडे. त्यामुळे येथील घरांचा संसार कित्येक पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालला. कमावते पुरुष मुंबईला आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे व मुले बायकांच्या हाती, ही येथील नेहमीची घडी होती. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, या आकड्याचा अर्थ येथे स्त्रियांची स्थिती अधिक सुखाची होती असा लावता येत नाही. पुरुष गावात नव्हते, हाच त्याचा मुख्य अर्थ आहे.

या घडीत मुलाच्या मोठे होण्याची एक ठरलेली वाट होती आणि ती कोणत्याही कायद्याने आखलेली नव्हती. सातवी झाली किंवा शाळा सुटली, की पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गावच्या कोणा चाकरमान्याबरोबर, म्हणजे मुंबईत नोकरी करणाऱ्या गावकऱ्याबरोबर, मुंबईला जात असे. लालबाग-परळच्या चाळींत गावमंडळाची एक खोली असे. दहा-बारा फुटांच्या त्या खोलीत एकाच गावाचे पुष्कळ जण पाळ्यापाळ्यांनी राहत, भिंतीशी प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेली वळकटी असे, आणि दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन झोपत असे. जेवण खानावळीत, म्हणजे पैसे घेऊन डबा किंवा ताट देणाऱ्या बाईच्या घरी. नव्या मुलाला गिरणीत बदली कामगार म्हणून कोण लावणार, पहिल्या पगारातून गावी किती पाठवायचे आणि हातात किती ठेवायचे, आजारी पडल्यास कोणत्या इस्पितळात न्यायचे, कोणाच्या संगतीपासून लांब ठेवायचे, हे सारे त्या खोलीतील वडीलधारी माणसे ठरवीत. या व्यवस्थेत जात आणि गाव यांची कुंपणे होती, शिस्त कडक होती, आणि शिक्षण सुटल्याची खंत कोणी मोजली नाही. तरीही पोरसवदा माणसाला शहरात एकटे न सोडण्याचे शहाणपण तिच्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन विस्कटले आणि त्याबरोबर खोलीची ही व्यवस्थाही विरत गेली.

मुलींसाठी अशी खोली कधीच नव्हती. मुलीच्या मोठे होण्याची वाट एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी मानलेली होती, आणि ज्या मुलीला मुळात पहिले घरच नव्हते तिच्यासाठी समाजाजवळ कोणतीही तजवीज नव्हती. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम विधवा आणि त्यांची अपत्ये यांच्या निमित्ताने ऐरणीवर आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तेथे जन्मलेला यशवंत हा काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्यास डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत मृत्यू पावल्या त्या वेळी हाच यशवंत रुग्णांवर उपचार करीत होता. आश्रय देणे येथे संपले नाही, ते मूल कर्ते होईपर्यंत पुढे नेले गेले, म्हणून या विषयाचा महाराष्ट्रातील इतिहास लिहिताना यशवंतापासून सुरुवात करावी लागते. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ चे. आणि रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले, मुरुडला वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात काढलेला अनाथ बालिकाश्रम पुढे हिंगण्याला स्थिरावला. या संस्थांनी निवाऱ्याला शिक्षणाची आणि शिक्षणाला उपजीविकेची जोड दिली. परंतु त्या पुण्या-मुंबईच्या आसपास होत्या, आणि देवरुखच्या पंचक्रोशीतल्या एखाद्या अडलेल्या बाईला त्यांचे नाव ठाऊक असण्याचा संभव फारसा नव्हता.

मातृमंदिराच्या संस्थापक इंदिराबाई हळबे, ज्यांना सारे कोकण मावशी हळबे या नावाने ओळखते, त्या याच अडलेल्या बाईच्या प्रश्नापासून कामाला लागल्या. लहान वयात वैधव्य आलेल्या इंदिराबाईंनी परिचर्येचे, म्हणजे रुग्णसेवेचे, काम अंगीकारले, साने गुरुजी व राष्ट्र सेवा दल यांच्या विचारांच्या वर्तुळाशी त्यांचा संबंध आला, आणि १९५४ साली देवरुखात एका गोठ्याच्या जागेत दोन खाटांचे प्रसूतिगृह त्यांनी सुरू केले. गोठा हा शब्द आज ऐकताना केवळ हलाखी सुचवतो. पण कोकणातील घरांत बाळंतिणीला घराच्या कडेच्या अंधाऱ्या खोलीत, कित्येकदा गोठ्यालगतच, ठेवण्याचा जुना प्रघात पाहता, शेणाने सारवून स्वच्छ केलेल्या गोठ्यात दोन खाटा मांडून बाळंतपण हे विटाळाचे नसून शुश्रूषेचे काम आहे असे दाखवणे, याला त्या काळी वेगळा अर्थ होता. पुढे त्यातून रुग्णालय झाले आणि बालसंगोपन, शेती, व्यवसायशिक्षण, ग्रामविकास अशा कामांच्या फांद्या त्यास फुटल्या.

प्रसूतिगृह आणि बालगृह यांचा संबंध उघड आहे. जेथे बाळंतपणे होतात तेथे कधी आई दगावते, कधी मूल मागे सोडून आई निघून जाते आणि कधी मूल घेऊन परत कोणत्या दारात जावे हे तिला समजत नाही. गोकुळ हे त्या उरलेल्या मुलांचे घर. या नावांकडे थोडे लक्ष दिले पाहिजे, कारण संस्थेची विचारपद्धती त्यांत दिसते. गोकुळातला कृष्ण वाढला तो जन्मदात्रीपाशी नव्हे, यशोदेपाशी. तेव्हा मुलांच्या घराला गोकुळ म्हणण्यात सांभाळणाऱ्या आईचा मान आपोआप येतो. आणि ते सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतःसाठी आई हे संबोधन रूढ न करता मावशी हे ठेवले. माय मरो आणि मावशी जगो ही म्हण मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. मावशी आईची जागा घेत नाही, आईचा अभाव नाकारत नाही, तरी मुलाला पोरके होऊ देत नाही. आणि मावशीचे नाते अठराव्या वर्षी संपत नाही. संस्थेत वाढलेल्या मुलांच्या संगोपनाविषयी पुढे जे शास्त्र झाले त्यात मुलापासून त्याचे मूळ लपवू नये आणि त्याच्या आयुष्यात निदान एक तरी कायमचे मोठे माणूस असावे, या दोन गोष्टींवर भर आहे. त्या दोन्ही या एका साध्या संबोधनात आधीच होत्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

कायद्याने ठरवलेल्या वयांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. मातृमंदिर सुरू झाले त्या वर्षी, १९४९ च्या दुरुस्तीनुसार, मुलीच्या लग्नाचे किमान वय १५ होते. ते १८ झाले १९७८ साली. मुलांच्या संरक्षणासाठी लागू असलेला मुंबई बालक अधिनियम १९४८ चा होता आणि त्याच्या लेखी सोळा वर्षांखालील व्यक्ती बालक होती. म्हणजे गोकुळच्या आरंभीच्या काळात सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीवर बालक म्हणून कायद्याचे छत्र उरत नव्हते, लग्नाचे वय तर त्याआधीच उलटलेले असे, आणि त्या वयात तिला कोणी नोकरी देण्याचा प्रश्नच नव्हता. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने देशभर एकच कायदा आणताना मुलग्यांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ अशी दोन वेगळी वये ठेवली. २००० च्या अधिनियमाने ती दोघांसाठी १८ केली, आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या २०१५ च्या अधिनियमाने तीच मर्यादा कायम ठेवली.

सज्ञानतेचा मूळ कायदा याहून जुना, १८७५ चा आहे, आणि त्यातील एका तरतुदीकडे या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. त्या कायद्याने सर्वसाधारण व्यक्तीस १८ व्या वर्षी सज्ञान मानले, पण ज्या अज्ञान व्यक्तीसाठी न्यायालयाने पालक नेमला असेल ती २१ व्या वर्षी सज्ञान होईल असे सांगितले. आईबाप नसलेल्या मुलाला व्यवहारात पक्के होण्यास अधिक अवधी लागतो, ही समज त्या तरतुदीमागे असावी. ती उपयोगी पडली बहुतेक मालमत्ता असलेल्या पोरक्यांना, कारण न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वेळ प्रायः इस्टेटीच्या राखणीसाठीच येत असे. ज्याला इस्टेट नाही त्याला ती तीन वर्षे कोणी दिली नाहीत. १९९९ च्या दुरुस्तीने हा भेद काढून सर्वांसाठी १८ हे एकच वय केले. समानतेच्या दृष्टीने ते बरोबर झाले. परंतु एकोणिसाव्या शतकातील कायदेकारांनी श्रीमंत पोरक्याबाबत जे ओळखले होते, ते गरीब पोरक्याबाबत ओळखायला पुढची व्यवस्था वेगळ्या नावाने उभारावी लागली.

त्या व्यवस्थेचे मराठी नाव अनुरक्षण. संस्थेतून बाहेर पडल्यानंतर व्यक्तीची पुढे राखण करणे, तिला आर्थिक व इतर साहाय्य देऊन समाजात रुजवणे, असा तिचा अर्थ. १९८६ च्या कायद्यात अनुरक्षण संस्थांचा उल्लेख होता, २००० च्या कायद्यात सतराहून अधिक वयाच्या मुलास विसाव्या वर्षापर्यंत तेथे राहता येईल अशी तरतूद होती, आणि २०१५ च्या कायद्याने १८ ते २१ हा काळ अनुरक्षणाचा म्हणून स्पष्टपणे सांगितला. २०१६ च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत तो २३ पर्यंत वाढवला आणि व्यवस्थेचे तपशीलही दिले: सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरते सामूहिक निवासस्थान, व्यवसायशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, नोकरी लागेपर्यंत आधार, आणि या गटाशी नित्य संपर्क ठेवणारा एक समुपदेशक, म्हणजे अडचणी ऐकून वाट दाखवणारा जाणता माणूस. सहा-आठ तरुण, एक खोली आणि एक जाणता माणूस, हे वर्णन वाचताना लालबागच्या गावमंडळाच्या खोलीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, की त्या खोलीत शिरायला गाव आणि नाते लागत होते, आणि ज्यांना दोन्ही नाही त्यांच्यासाठी ती नियमाने बांधावी लागली.

नियम आणि घर यांमधले अंतर कोठे जाणवते हे समजून घेण्यासाठी संस्थेत वाढलेल्या मुलीच्या दिनक्रमाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. बालगृहात घंटा असते. उठणे, आंघोळ, प्रार्थना, शाळा, अभ्यास, जेवण, झोप यांना वेळ ठरलेली असते आणि शेकडो मुलांच्या आयुष्याला त्या वेळापत्रकानेच आकार दिलेला आहे. स्वयंपाकघरात मोठ्या मुली हाताखाली काम करतात, चाळीस जणींचा भात किती मापांचा हे त्यांना न मोजता कळते, टोपातल्या पाण्याचा अंदाज बोट न बुडवता येतो. पण एका माणसाला किती तांदूळ लागतील हे पहिल्यांदा भाड्याच्या खोलीत चूल मांडताना कळत नाही, पहिले चार दिवस भात उरतो, मग पाचव्या दिवशी पुरत नाही. आठवड्याचा बाजार कधी स्वतः केलेला नसतो, कारण किराणा पोत्याने येतो. रात्री ताप भरला तर दार ठोठवायचे कोणाचे, हा प्रश्न पूर्वी पडलेला नसतो. घरमालकाने मागितलेली अनामत रक्कम म्हणजे काय, ती परत मिळते का, पावती कशी मागायची, पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला म्हणजे पैसे गेले की साठले, या गोष्टी घरातली मुले वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून, कोणी न शिकवता, कानावरून घेतात. संस्थेतल्या मुलांना त्या मुद्दाम शिकवाव्या लागतात. म्हणून अनुरक्षणाची खरी सुरुवात अठराव्या वर्षी करून भागत नाही; चौदा-पंधराव्या वर्षापासून मुलीच्या हातात थोडे पैसे, थोडा निर्णय आणि थोडी चूक करण्याची मोकळीक द्यावी लागते, आणि शिस्तीवर उभ्या असलेल्या कोणत्याही संस्थेला ही मोकळीक देणे जड जाते.

शिक्षणाच्या बाबतीत देवरुख हे गाव गोकुळच्या मुलींना अनुकूल ठरले. देवरुख शिक्षण प्रसारक मंडळाची स्थापना १९२७ ची, संगमेश्वरच्या व्यापारी पैसा फंड संस्थेची १९२९ ची. पैसा फंड हे नाव अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चालवलेल्या चळवळीचे, ज्यात प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा अशी कल्पना होती आणि जिच्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. खाडीकाठच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी त्याच नावाने शाळा चालवावी, यात लहान वर्गणीतून मोठे काम होते या विश्वासाची साक्ष मिळते. १९७२ साली देवरुखात महाविद्यालय आले आणि १९९८ साली जवळच आंबव येथे अभियांत्रिकी महाविद्यालय. याचा अर्थ असा, की दहावीनंतर पुढे शिकण्यासाठी मुलीला ताबडतोब शहर गाठावे लागत नाही, आणि शिकता शिकता तिचे नेहमीचे घर, नेहमीचा रस्ता आणि ओळखीची माणसे सुटत नाहीत. गावातल्या मुलींबरोबर त्याच बाकावर बसणे याचे मोल अभ्यासक्रमाहून कमी नाही, कारण पुढच्या आयुष्यात उपयोगी पडणाऱ्या ओळखी तेथेच होतात. रुग्णालय आणि बालगृह एका छत्राखाली असल्याने रुग्णसेवेचा व्यवसाय या मुलींना लहानपणापासून डोळ्यांसमोर दिसत आला, ही गोष्टही नमूद करण्यासारखी आहे. मुलाला पुढे काय व्हावेसे वाटते हे त्याने काय पाहिले यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि पांढऱ्या गणवेशातली, स्वतःच्या पगारावर जगणारी परिचारिका गोकुळच्या मुलीला रोज दिसत होती.

लग्नाचा विषय टाळून या संस्थेचा इतिहास लिहिता येणार नाही. गोकुळात वाढलेल्या मुलींची लग्ने संस्थेने वडीलकीच्या नात्याने लावून दिली, आणि देवरुखकरांनी ती आपल्या घरची कार्ये मानली. त्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. अनाथ मुलीचे लग्न करून दिले की जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या संस्था देशात पुष्कळ होत्या. कुल-गोत्र विचारणारे कोणी नाही आणि सासुरवासाची दाद घेणारेही कोणी नाही अशी मुलगी हवी म्हणून अनाथाश्रमाच्या दारात येणारे वरपक्षही असत. अशा लग्नात स्थळाची चौकशी हा पालकत्वाचा सर्वांत कठीण भाग ठरतो, कारण स्वतःच्या मुलीसाठी बाप नातेवाइकांकरवी जी माहिती काढतो ती संस्थेला अनोळखी गावांतून काढावी लागते. या आक्षेपाला उत्तर लग्नाआधी नव्हे, लग्नानंतर मिळते. मुलीच्या मागे माहेर आहे की नाही, यावर सासरी तिची किंमत ठरते, ही आपल्या समाजातली नागडी वस्तुस्थिती आहे. आणि मातृमंदिराचे वेगळेपण शोधायचे तर ते येथे शोधावे लागते, कारण या संस्थेने स्वतःला आश्रयस्थान न मानता माहेर मानले.

माहेर म्हणजे काय, हे कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत दिसते. लग्न झाल्यावर मुलीचा पहिला ओवसा येतो. ज्या वर्षी गौरीचा योग पूर्वा नक्षत्रावर येतो त्या वर्षी नवविवाहिता गौरीपुढे सुपे भरून ओवसते. वेळूच्या नव्या सुपांत पाने पसरून त्यांवर फळे, भाज्या, सुका मेवा, नारळ, हळदकुंकू असे मांडलेले असते, सुपाला दोरा गुंडाळलेला असतो, आणि ती सुपे माहेरून यायची असतात. आळीतल्या बायका सुपे किती आली, कोणी आणली, माणसे किती आली हे पाहतात. ज्या मुलीची सुपे येत नाहीत तिला त्या दिवशी कोणी काही बोलत नाही, आणि न बोलणेच तिला पुरे होते. त्यानंतर पहिले बाळंतपण, ते माहेरी व्हावे ही रीत. संस्थेतून सासरी गेलेल्या मुलीसाठी हे सण, ही बाळंतपणे, आणि कधी काळी भांडून परतण्याची वेळ आली तर दाराचा आडणा उघडण्याचे काम, हे सारे कोण करणार, हा प्रश्न अनुरक्षणाच्या कोणत्याही नियमावलीत लिहिलेला नाही. ज्या संस्थेचा जन्मच बाळंतिणीच्या खाटेपासून झाला, तिला आपल्या मुलीच्या बाळंतपणासाठी खाट शोधावी लागत नाही, एवढे मात्र खरे. नियम एकविसाव्या किंवा तेविसाव्या वर्षी थांबतात. माहेराला अशी तारीख नसते, आणि म्हणूनच ते चालवणे नियम चालवण्याहून खर्चाचे व कष्टाचे असते. शासकीय अनुदान बालकाच्या दरडोई हिशेबाने मिळते. तीस वर्षांच्या लेकीच्या चहापाण्याचे, बसभाड्याचे, चोळी-बांगडीचे त्यात शीर्षक नसते, ते लोकांच्या देणगीतूनच होते.

गेल्या काही वर्षांत शासनाची दृष्टीही हळूहळू या बाजूला वळलेली दिसते. महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०१८ रोजी अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवण्याचा निर्णय केला. समांतर आरक्षण म्हणजे सामाजिक प्रवर्गांच्या आडव्या छेदाने दिलेले, जसे महिलांसाठी किंवा खेळाडूंसाठी असते तसे. जातच ठाऊक नसलेल्या मुलाला जातीचा दाखला कोठून आणायचा, हा वर्षानुवर्षांचा पेच त्याने काही अंशी सोडवला. कोविडच्या साथीत आईवडील गमावलेल्या मुलांसाठी २०२१ साली केंद्राने जी योजना आणली तिच्यात १८ पासून दरमहा साहाय्य आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये अशी रचना आहे, म्हणजे १८ ते २३ हा काळ अजून आधाराचा आहे हे तेथे मान्य झाले. २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणाखालील तरुणास दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वसतिगृहाचे भाडे आणि जेवण यांत ही रक्कम संपते, पुण्या-मुंबईत ती पुरत नाही. तरीही पूर्वी शून्य होते हे विसरून चालणार नाही. पैशापेक्षा माणूस मिळणे कठीण, हा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. महिन्यातून एकदा फोन करून जेवलीस का, कामावर कोणी त्रास देते का, एवढे विचारणारे आणि उत्तर मनापासून ऐकणारे माणूस पाच-सात वर्षे टिकून राहिले पाहिजे, आणि बदल्या होणाऱ्या नोकरवर्गाकडून ते होत नाही. आधी बाहेर पडून स्थिरावलेल्या मुली हे काम सर्वांत चांगले करू शकतात. त्यांना कोणते शब्द टोचतात आणि कोणत्या वेळी एकटेपणा येतो, हे त्यांना सांगावे लागत नाही.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि संगमेश्वर रोड स्थानकावरून मुंबई पाच-सहा तासांवर आली. आता मुली नोकरीला आणि शिक्षणाला बाहेर पडतात, देवरुखच्या एस.टी. स्थानकावरून रत्नागिरी, चिपळूण, कोल्हापूर, पुणे गाठतात. जाताना पूर्वीच्या पत्र्याच्या ट्रंकेऐवजी चाकांची बॅग असते, आणि तिच्या आतल्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद असतात: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, बालकल्याण समितीचा आदेश, अनाथ प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पासबुक. घरातल्या मुलीचे असे कागद आईच्या कपाटात असतात आणि मागितले की सापडतात. या मुलीला ते स्वतः सांभाळावे लागतात, कारण त्यांतला एक हरवला तर तो पुन्हा मिळवताना कोणाची मुलगी हे प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगावे लागते. वसतिगृहाचा, नोकरीचा, परीक्षेचा कोणताही अर्ज घेतला तरी त्यात दोन चौकटी असतात. पहिल्या चौकटीत सध्याचा पत्ता लिहायचा असतो, तो दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो. दुसऱ्या चौकटीवर कायमचा पत्ता असे छापलेले असते, आणि तेथे लिहायचे असते : मातृमंदिर, देवरुख, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी.